कोपराने पाणी पाहणारे जुझेमामा

झऱ्याशी आता सरकारी पाटी लागली आहे. तपकिरी रंगाची, वर अरबी, खाली इंग्रजी. माझी मुलगी इंडियन स्कूलमध्ये जाते, तिने ती मला वाचून दाखवली. मराठीत सांगताना तिची जीभ अडखळत होती.

"पप्पा, असं लिहिलंय की खूप आधी इथे कॉपर मेल्ट करायचे. मग ते स्टॉप झालं. मग माइन आली. मग तीपण बंद झाली. आणि पाणी स्किनला चांगलं आहे."

"अजून?"

"बस. एवढंच."

मी पाटीच्या मागे जाऊनही बघून आलो. मागे नुसता पत्रा. जुझेमामांनी मला ह्या गावाचे निदान चार इतिहास सांगितले होते. त्यातला एकही धड पाटीवर नाही. आता पाटी अपुरी म्हणायची की मामा थापाडे म्हणायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मामांच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच आहे.

गावाचं नाव ऐन नहास. मस्कतहून सोहारला यायचं आणि तिथून आत डोंगरात शिरलं की लागतं. ऐन म्हणजे झरा, नहास म्हणजे तांबं. नावात दोन्ही आहेत, पण मी आलो तेव्हा तांबं होतं आणि झरा जवळजवळ आटलेला होता. आता झरा आहे आणि तांबं संपलंय. दोन्ही एका वेळी नांदताना मी पाहिलेली नाहीत. आणि हा जो बदल झाला तो मामांनी केला की आपोआप झाला, हाच तर माझा सगळा घोळ आहे.

मामा वसईचे. नाव जुझे. माइनच्या मेसचे मुख्य कुक. पोट पुढे, पाय बारीक, गळ्यात क्रूस आणि त्याच दोऱ्यात कपाटाची किल्ली. त्यांची एक सवय पहिल्या दिवशीच डोळ्यांत भरायची. पाणी कुठलंही असो, डाळीत घालायचं, पीठ मळायचं, भांडी विसळायचं, मामा बाही वर सारून आधी त्यात कोपर बुडवायचे. तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी बाया बघतात ना, तसं.

"हाताने बघा की मामा," मी एकदा म्हटलं.

"हात खोटं बोलतो. हाताला सगळ्याची सवय झालेली असते. कोपर कधी कामाला जातं का? त्याला विचार."

मी राजापूरकडचा. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. एजंटने माझ्या कागदावर 'पंप ऑपरेटर' लिहिलं होतं. पंप मी चालवला होता, नाही असं नाही, पण तो सुपारीच्या बागेतला, नदीकाठचा. इथे माइनच्या पोटातून पाणी उपसणारा पंप बघितला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. त्यात पहिल्याच दिवशी बापट साहेबांनी मेसमध्येच मला गाठलं. साहेब पुण्याचे, माणूस सरळ, पण प्रश्न सगळे इंग्रजीत. मी एजंटचा कागद पुढे केला. तेवढ्यात काउंटरमागून मामा बोलले, "साहेब, ह्याला मी ओळखतो. ह्याच्या हाताखाली ह्याच्याहून मोठा पंप होता. लाजतो जरा."

मामांनी मला त्याआधी उणंपुरं अर्धा तास पाहिलं होतं. संध्याकाळी मी विचारलं, "मामा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तू जेवल्यावर शेजाऱ्याचं ताटपण उचललंस. असा माणूस पंप बिघडवत नाही." मग खो खो हसले. "आणि बिघडवलास तर मी आहेच. काय, सायंटिस्ट?"

त्या दिवसापासून मी सायंटिस्ट. सगळ्या कॅम्पात माझं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

वर्षा-दीड वर्षात माइनचं तांबं परवडेनासं झालं. बसेस आल्या, शेकडो माणसं आपापल्या ट्रंका घेऊन चढली, यल्ला यल्ला, चला चला झालं आणि कॅम्प रिकामा. दोघांना ठेवलं. मला पंपासाठी, कारण कंपनीला आशा होती की कोणी गिऱ्हाईक मिळालं तर माइन पुन्हा उघडेल. बापट साहेब दर महिन्याला मस्कतहून येऊन एकच बजावत, "पंप थांबता कामा नये. पाणी वर चढलं की माइन खलास, आणि माइन खलास तर तूही घरी." घरी मी एकटा कमावता. त्यामुळे मी त्या पंपाचा आवाज झोपेतसुद्धा ऐकायचो. दुसरे ठेवले ते मामा. म्हणायला वॉचमन. पण त्यांना दोन माणसांचा स्वयंपाक जमेचना. हात मोठ्या पातेल्यालाच जायचा. रोज वीस माणसांची डाळ. उरलेली गावात जायची, गावातून खजूर यायचे.

गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे. मस्कतहून आपली मुंबई-पुण्याची कुटुंबं गाड्या काढून यायची, डोंगर बघायला, झऱ्याच्या उरलेल्या डबक्यात पाय बुडवायला. त्यांना फिरवायचा मान मामांचा. तांबं गाळून उरलेल्या काळ्या चकचकीत मळीचे ढीग आहेत इथे, जुन्या भट्ट्यांतले. त्यावर उभं राहून मामा सुरू व्हायचे. एका आठवड्यात सांगायचे, हे तांबं हजारो वर्षांपूर्वी जहाजाने इराककडे जायचं. पुढच्या आठवड्यात, एका राणीच्या अंगावर चट्टे उठले होते ते ह्या पाण्याने गेले. बरोबर कोणी वसईकर असला की, "आपले पोर्तुगीज इथेच होते ना! इथलं तांबं नेऊन आपल्या चर्चच्या घंटा ओतल्या. म्हणून आपल्या घंटेचा आवाज कोरडा."

एका गृहस्थांनी विचारलं, "ह्याला पुरावा काय?"

मामांनी मळीचा खडा त्यांच्या हातात ठेवला. "हा. घरी घेऊन जा. विचारत बसा त्याला."

ते गेल्यावर मी म्हटलं, "मामा, ह्यातलं खरं कुठलं?"

"तुला कुठलं आवडलं?"

मला राणीचं आवडलं होतं. पण तसं म्हणायला लाज वाटली. आता कळतं की पाटीवर त्यांचा पहिला इतिहास थोडासा तरी आहे. म्हणजे निदान एक खरा असावा. मग बाकीचे?

दर शुक्रवारी नमाज झाल्यावर गावातले खमीस बाबा यायचे. झऱ्याचं पाणी कोणाच्या बागेला किती वेळ जायचं हे ठरवण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. आता वाटायला पाणीच नव्हतं. माइन सुरू झाली, खोल गेली, पंप लागला आणि झरा आटत आटत बोटाएवढा उरला, असं गावाचं म्हणणं. खमीस बाबा आम्हाला त्याबद्दल कधी रागाने बोलले नाहीत. बिनदुधाचा चहा घ्यायचे आणि हाताने हवेत नकाशा काढायचे. सगळ्यात वर पिण्याच्या पाण्याची जागा, तिथून कोणीही घागर भरावी. खाली भिंतीआड पुरुषांच्या अंघोळीची, त्याखाली बायकांची, मग खजुराच्या बागा. मामांची अरबी मोडकी, बाबांची हिंदी त्याहून मोडकी, पण तासन् तास चालायचं. खिडकीतून माझ्या पंपाची घरघर ऐकू यायची. मला उगीच अपराध्यासारखं वाटायचं, आणि पंप चालतोय म्हणून बरंही वाटायचं.

त्या वर्षी वसईला मामांच्या मुलीचं लग्न झालं. माइन कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय निघायचं नाही असा कंपनीचा हुकूम, म्हणून मामा जाऊ शकले नाहीत. सुट्टीवरून परतणाऱ्या कोणीतरी व्हिडिओ कॅसेट आणून दिली. मामांनी मेसच्या रिकाम्या हॉलमध्ये टीव्ही लावला, खुर्च्यांची रांग मांडली आणि मला व खमीस बाबांना बोलावलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही तिघे.

वसईत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून बाया विहिरीवर जातात, विहिरीला तांदूळ वाहतात, पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. कॅसेटमध्ये ते आलं. ट्रंपेट, ढोल, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, नाचणारी पोरं. मामा खुर्चीच्या टोकावर. बाया विहिरीच्या काठाशी आल्या, तांदूळ टाकले, आणि मग वळून विहिरीमागे ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून कळशी भरली.

खमीस बाबांनी विचारलं, विहिरीतून का नाही?

"मालिह," मामा म्हणाले. खारट.

मग मला मराठीत सांगितलं. आजूबाजूला बिल्डिंगा उठल्या. त्यांच्यासाठी टँकर रात्रंदिवस विहिरी उपसत राहिले. गोडं पाणी खाली गेलं आणि खाडीचं आत आलं. "माझ्या आजाने खणली होती. त्या पाण्यात तांदूळ शिजवलास ना, तर नुसता भात खाशील. आता पोरीला टँकरच्या पाण्याने न्हाऊ घातलं. बँड मात्र विहिरीवर वाजवला. विहिरीला काय वाटलं असेल रे, सायंटिस्ट?"

खमीस बाबांना मराठी कळली नसणार, पण त्यांनी मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मामांनी कॅसेट मागे नेली आणि पिंपाचा भाग पुन्हा लावला.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी मामा सकाळीच म्हणाले, "भाजीची पिकअप सोहारला चाललीय. जा, घरी फोन करून ये. पंपाकडे मी बघतो."

मी गेलो. दुपारी परतलो तर कॅम्पच्या फाटकापाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरघर नव्हती. मी धावत सुटलो. मामा मेसच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते.

"मामा, पंप!"

"बंद पडला."

"कधी? कसा?"

"शुक्रवार आहे. त्यालाही सुट्टी नको?"

मी पॅनल उघडलं. तीनपैकी एका फ्यूजची तार गेलेली. मोटर दोनच फेजवर चालत राहिली आणि जळली. फ्यूज आपोआप उडतो, त्यात नवल नाही. कोणी तार काढून घेतली तरी नेमकं असंच दिसतं, त्यातही नवल नाही. मी मामांच्या हातांकडे बघितलं. बोटांना लसणाचाच वास येत होता.

बापट साहेब आले. मामांनी त्यांना सांगितलं, "साहेब, पोराला भाजी आणायला मी पाठवलं होतं. जे काय ते माझ्यावर." साहेबांना सांगितलं, बेअरिंग गेलं असावं. खमीस बाबांना सांगितलं, अल्लाची मर्जी. गावातल्या दुकानदाराला सांगितलं, घोरपड शिरली होती. मला काहीच सांगितलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं की म्हणायचे, "तुला साहेब विचारणार आहेत ना? मग तुला माहीत नसलेलं बरं." ह्याचा अर्थ मी दोन्ही बाजूंनी लावून बघितला. दोन्ही बाजूंनी लागतो.

नवी मोटर यायला वेळ लागला. तोवर माइनमध्ये पाणी चढत गेलं. साहेब परत आले तेव्हा बॅटरीचा झोत आत टाकून त्यांनी पाणी बघितलं. मग मला एवढंच म्हणाले, "तयारी कर. व्हिसा कॅन्सल होईल दोघांचा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं तेही थकले होते.

मी ट्रंक काढून बसलो. घरी कोणत्या तोंडाने जायचं, हेच डोक्यात. आणि त्याच आठवड्यात खमीस बाबा घाईघाईने आले. त्यांच्या दिशदाशाची, त्या लांब झग्याची, कड गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांनी ती कड पुढे करून दाखवली.

आम्ही गेलो. वरच्या खडकातून पाणी येत होतं, मनगटाएवढं, वाफाळत. सगळं गाव जमलं होतं. मामांनी बाही वर केली, गुडघे टेकले, कोपर बुडवलं आणि डोळे मिटून बसून राहिले. मला आमच्या राजापूरची गरम पाण्याची कुंडं आठवली. पोरगा असताना आईने तिथे न्हाऊ घातलं होतं. म्हणून मी खूश झालो. आणि ह्याच पाण्याने माझी नोकरी खाल्ली म्हणून कष्टीही झालो. दोन्ही एकदम. आता मी हसत होतो की रडत होतो, ते गावकऱ्यांना विचारावं लागेल.

परत येताना मामा खमीस बाबांशी माझ्याबद्दल बोलले. पाणी आलं, आता माणसं येतील, तुमच्या पुतण्याने इथे चहाचं दुकान टाकावं, आणि ह्या पोराचा व्हिसा आपल्या नावावर घ्यावा. बाबा म्हणाले, "इन्शाल्ला."

"म्हणजे हो का, मामा?"

"म्हणजे इन्शाल्ला."

"हो की नाही ते सांगा ना!"

"अरे बाबा, इतकी वर्षं झाली, मलाच कळलेलं नाही."

मी दिवस मोजत होतो आणि मामांनी मधेच एक भलताच उपद्व्याप केला. मस्कतजवळ माबेलाला राहणारे वसईचे एक पास्कल म्हणून होते. त्यांच्या मुलीचं, ग्रेसीचं लग्न रुवीच्या चर्चमध्ये ठरलं. पास्कलचा फोन आला, "मामा, पाणी आणायचा कार्यक्रम करायचाय, पण इथे बिल्डिंगला टँकर येतो. विहीर कुठून आणू?"

"विहीर कशाला?" मामा छाती पुढे काढून म्हणाले. "माझ्याकडे झरा आहे."

लग्नाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी गाड्या आल्या. साड्या, फ्रॉक, एक आत्याबाई खास लाल लुगड्यात, हॉटेलच्या बँडमधला एक ट्रंपेटवाला, एक ढोलवाला. मामा सगळ्यांच्या पुढे, रुमालात तांदूळ. वाजत गाजत निघालो. मामांना इतका आनंद झाला होता की वरची पिण्याची जागा त्यांच्या लक्षातच आली नाही. जिथे पाणी जास्त तिकडे ते सरळ निघाले, आणि बाया-पोरींची ती सगळी वरात भिंतीला वळसा घालून थेट पुरुषांच्या अंघोळीच्या कुंडावर पोचली.

आत अर्धं गाव पंच्यावर बसलेलं.

ट्रंपेट सुराच्या मधोमध मेलं. ढोलवाल्याचं डोकं खाली, त्यामुळे तो आणखी थोडं वाजवत राहिला. आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढला, "आगो बाय माझे!" टॉवेलांची धावाधाव. मी मागे उभा, आणि मनात म्हटलं, झालं. गेला व्हिसा. इन्शाल्लाचं 'नाही' झालं.

कुंडातून खमीस बाबा उठले. अंगावर ओला पंचा, दाढीतून पाणी निथळतंय. मामांनी तांदळाचा रुमाल पुढे केला, ग्रेसीकडे बोट दाखवलं आणि कसंबसं म्हणाले, "अरूस." नवरी. मग कळशीकडे बोट. "माय." पाणी.

बाबांनी ग्रेसीकडे बघितलं, ट्रंपेटकडे बघितलं, लाल लुगड्याकडे बघितलं. मग त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "बिर्मील?" पिंप? आणि हाताने पिंपातून कळशी भरल्याचं दाखवलं.

मामांनी मान हलवली. नाही. ह्या वेळी पिंप नाही.

बाबांनी खांद्यावर टॉवेल टाकला, ग्रेसीच्या हातातली कळशी घेतली आणि स्वतः पुढे होऊन वर चढायला लागले. मागे आम्ही, आमच्यामागे कपडे घालत घालत गाव. पिण्याच्या जागी पोचल्यावर त्यांनी ट्रंपेटवाल्याकडे वळून म्हटलं, "यल्ला!" तो बिचारा इतका घाबरला होता की पहिला सूर बेसूरच निघाला. मामांनी तांदूळ वाहिले. झऱ्यात बारके मासे असतात, ते तुटून पडले. बाबांनी कळशी भरून ग्रेसीच्या डोक्यावर ठेवायला उचलली, तर मामा मधे. "थांबा, थांबा." बाही वर केली, कळशीत कोपर घातलं आणि म्हणाले, "हां. आता न्या."

गाड्या गेल्यावर खमीस बाबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, शनिवारी पासपोर्ट घेऊन पुतण्याकडे ये. मामा लांबून ओरडले, "सायंटिस्ट, पाया पडू नकोस, ह्यांच्यात चालत नाही!" मी तोवर वाकलो होतो.

मामांचा व्हिसा कोणी घेतला नसता. साठी उलटली होती. त्यांनी स्वतःसाठी विचारलंही नाही. मला हेच समजत नाही. पंप त्यांनी थांबवला असेल, तर स्वतःच्या भाकरीवर पाय दिला आणि माझ्याही, आणि मग माझी तेवढी परत मिळवून दिली. थांबवला नसेल, तर एक मोटर जळली, बाकी सगळं मी रचतोय. इतकी वर्षं ह्याच झऱ्यावर चहा उकळतोय. सुट्टीच्या दिवशी बसायला जागा नसते, माझं लग्न झालं, पोरगी झाली, ती पाट्या वाचते. हे सगळं कोणाच्या नावावर टाकायचं, हे तरी मला कळायला हवं होतं.

एकदा विचारलं होतं. मामा निघाले त्या दिवशी. मी पुतण्याची गाडी घेऊन त्यांना मस्कतला, सीबच्या विमानतळावर सोडायला गेलो. ऐन उन्हाळा. मामांनी मांडीवर एक कॅन धरला होता, झऱ्याच्या पाण्याने भरलेला, टॉवेलात गुंडाळलेला. घरच्या विहिरीत ओतणार म्हणाले. एका कॅनने विहीर गोड होते का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळलं. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा गाडी तासभर उन्हात तापली होती.

विमानतळाच्या दारात मी धीर केला. "मामा, आता तरी सांगा. पंप तुम्ही बंद केलात?"

मामांनी कॅनवरचा टॉवेल सारला आणि कोपर टेकवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, सायंटिस्ट. अजून गरम आहे."

मीही बाही वर करून कोपर लावलं. गरम होतंच. झऱ्याचं गरम की उन्हाचं, ते माझ्या कोपराला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "हो मामा. गरम आहे."

ते आत गेले. काचेतून मला दिसत होतं. पोलिसाने त्यांना अडवलं, कॅनकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मामांनी त्या तरुण पोलिसाच्या शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं, बाही हलकेच वर सारली आणि त्याचं कोपर धरून कॅनवर टेकवलं. पोलीस आधी गोंधळला. मग तो तसाच वाकलेला राहिला, आणि हसायला लागला.